दांड घातलेलं इरकल

आठवड्याचे सहा दिवस दीपाली मगदूम खाकीत असते. सांगली–कवठे महांकाळ गाडीवर ती कंडक्टर आहे आणि खाकीत माणसाने कसं दिसायचं हे वरूनच ठरून आलेलं असतं. त्यातही ती आपलं काहीतरी करतेच. कॉलर कडक इस्त्रीची, बाही एकच घडी वर, मनगटात वडिलांचं चावीचं घड्याळ आणि थंडीत शेवाळी रंगाचा लष्करी स्वेटर. सातव्या दिवशी, सुट्टीला, ती काय नेसते हे बघायला गल्लीतल्या बायका मुद्दाम दारात तांदूळ निवडत बसतात, असं तिचा नवरा भरतेश म्हणतो. त्याला वाढवून सांगायची सवय आहे, पण हे फार वाढवलेलं नाही.

सुट्टीला ती जुनं नेसते. कुणाच्या तरी ट्रंकेत वीस-तीस वर्षं पडून राहिलेल्या सुती साड्या, जुन्या खणाची कोपरापर्यंत बाह्यांची पोलकी, कधी गळ्याभोवती एखाद्या आजोबांचं उपरणं. सगळं स्वच्छ धुतलेलं, खळ दिलेलं. प्रत्येक परकराला तिने आतून खिसा शिवून घेतलेला असतो, कारण खिसा नसला की कंडक्टरच्या हाताला चैन पडत नाही. अंगाने ती उंच, रुंद खांद्यांची, सावळी. फिकट रंगात ती नुकती दुखण्यातून उठल्यासारखी दिसते. गर्द रंगात तिचा चेहरा वर येतो. हे तिचं तिला माहीत आहे आणि त्यासाठी आता ती कुणाला विचारत नाही.

याची सुरुवात मेढ्यात झाली. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिची नेमणूक तिकडे होती. खोली एका सुभेदाराच्या विधवेच्या घरी. सांगलीहून जाताना तिने एक लिंबोणी रंगाचा पातळ स्वेटर नेला होता, आणि डोंगरातलं धुकं त्यातून आरपार जात होतं. घरमालकिणीने दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडून नवऱ्याचा मिलिटरीचा स्वेटर काढला आणि म्हणाली, "घाल. त्यांना आता काय थंडी वाजत न्हाई." नुसतं घेणं बरं दिसेना म्हणून दीपालीने आहेरात आलेली एक कोरी साडी तिला दिली. त्या संध्याकाळी दोघींनाही वाटत होतं की फायदा आपलाच झाला.

आहेराच्या साड्यांचं असतंच तसं. त्या नेसायला घेतलेल्या नसतात, द्यायला घेतलेल्या असतात. या लग्नात येतात, कपाटात बसतात, घडी न मोडता पुढच्या लग्नात जातात. मगदुमांच्या घरात त्यांची भर जरा जास्तच होती. सासूबाईंनी, चंदनबालाबाईंनी, एका चातुर्मासात प्रवचन ऐकून रेशीम सोडलं होतं. एका साडीसाठी किती किडे उकळत्या पाण्यात जातात हे ऐकल्यावर त्यांना त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. तेव्हापासून पाहुणे त्यांच्या घरात रेशीम आणेनात. आणायचे ते गुळगुळीत, चमकदार, न चुरगळणारं.

आणि हेच गुळगुळीत कापड दीपालीच्या गाडीच्या वाटेवरच्या म्हाताऱ्यांना हवं होतं. मिरज सोडली की ऊस मागे पडतो, द्राक्षांचे मांडव लागतात, मग तेही विरळ होत बाभळी आणि माळ उरतो. तिकडे पाणी मोजून वापरायची सवय अंगात मुरलेली. जाड सुती लुगडं धुवायचं म्हणजे दोन-तीन बादल्या, आणि पिळायला मनगटात जोर हवा. "ह्ये तुमचं बरं हाय," एक म्हातारी तिला म्हणाली होती, "अर्ध्या बादलीत निघतंय आन् दोरीवर टाकूस्तवर वाळतंय." त्यांना नवं हवं होतं, हिला जुनं. बोलता बोलता अदलाबदल ठरायची आणि पुढच्या फेरीला पिशव्या हातोहात बदलायच्या.

"साऱ्या जिल्ह्याच्या म्हाताऱ्या आपल्या कपाटात राहायला आल्यात," भरतेश म्हणायचा. तो मार्केट यार्डात हळदीच्या दुकानात असतो आणि त्याचे सगळे शर्ट कॉलरला पिवळे आहेत, त्यामुळे त्याचं बोलणं दीपाली मनावर घेत नाही.

चंदनबालाबाईंचं मात्र तसं नव्हतं. "आपल्या घरात काय कमी हाय," त्या विचारायच्या, "म्हणून दुसऱ्याच्या अंगावरचं नेसायचं?"

"आई, सुती आहे. एक किडा मेलेला नाही यात."

"किड्याचं मी बघते. तू लोकांचं बघ."

सगळ्या अदलाबदलीत दीपालीला सर्वांत मोठी वाटलेली गोष्ट रंगुबाईंकडून आली. रंगुबाई म्हणजे शिरढोणच्या पुढे एका फाट्यावर चढणारी धनगर वस्तीवरची म्हातारी. मेंढरं आता मुलगा राखतो, ती स्वतः दर बाजाराला कवठ्याला जाते. तिने दिलेलं इरकल नऊवारी होतं. हिरवं, पण सावलीत काळं वाटेल इतकं गर्द. लाल काठ, आणि लाल पदरावर पांढऱ्या दातेरी रेघा. नेसून आणि धुऊन ते असं मऊ झालं होतं की घडी उचलली की हातावरून ओघळायचं. बदल्यात रंगुबाईंनी दोन नव्या साड्या घेतल्या, एक सुनेला, एक नातीला. "माझी बाकीची लुगडी बोहारणीला गेली," तिने सांगितलं होतं. "पातेली आली त्येंची. ह्ये तेवढं ऱ्हायलं हुतं."

दीपालीने ते वर्षभर घडी करून ठेवलं. ते तिला एका लग्नात नेसायचं होतं.

लग्न साताऱ्यात, नणंदेच्या मुलीचं, त्रिशलाचं. दोन महिने आधीच नणंदेने, पद्माताईंनी, फोनवरच्या ग्रुपमध्ये जाहीर केलं की घरातल्या सगळ्या बायकांनी पिस्ता रंग नेसायचा, साड्या त्या पाठवतील. साड्या आल्याही. दीपालीने आपली साडी अंगावर धरून आरशात पाहिलं आणि आरशातल्या बाईला सलाईन लावायला हवं असं तिला वाटलं. लग्न होऊन पंधरा वर्षं झाली होती. या पंधरा वर्षांत घरच्या प्रत्येक कार्यात तिने कुणीतरी निवडलेलं नेसलं होतं. घरात जुनं नेसणारी दीपाली गल्लीला माहीत होती, गाडीवरच्या कॉलेजच्या पोरींना माहीत होती. सगळा गोतावळा जमतो तिथे मात्र ही दीपाली अजून कधी गेलीच नव्हती. तिने ग्रुपवर लिहिलं : 'पद्माताई, मी हिरवं इरकल नेसून येणार आहे. नऊवारी. रागावू नका.'

रागावायचे ते रागावले. भरतेशला चार फोन आले. चंदनबालाबाई दोन दिवस तिच्याशी फक्त स्वयंपाकाविषयी बोलल्या. पण शब्द गेला होता, आणि आता रविवारी साताऱ्यात दीपाली काय नेसून उतरते याची सगळे वाट पाहत होते. तीसुद्धा.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी रंगुबाई फाट्यावर चढली. बाजाराचा दिवस नव्हता. ड्रायव्हर आकारामकाकांनी गाडी थांबवता थांबवता विचारलंही, "म्हातारे, आज कुठं?" ती सरळ आत आली. जागा होती तरी दीपालीच्या सीटजवळ दांडी धरून उभी राहिली.

"आवं बाई, माझं लुगडं हाय का आजून तुमच्याकडं?"

"आहे की."

"नेसलाय का?"

"नाही अजून. रविवारी नेसणार. साताऱ्याला लग्न आहे आमच्यात."

"मग ऱ्हाऊ द्या," रंगुबाई म्हणाली आणि मागे जाऊन बसली.

तिकिटं आटोपल्यावर दीपाली तिच्याशेजारी जाऊन बसली. "काय झालं, सांगा की."

"काय न्हाई वो. दिलं त्ये दिलं."

"रंगुबाई, कवठ्याला उतरायच्या आत सांगा, नाहीतर गाडीतून उतरूच देणार नाही."

तेव्हा कळलं. नात उत्कर्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. अजून तीन आठवडे आहेत म्हणून सगळे निवांत होते, आणि आदल्या दिवशीच ती कवठ्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. दोघी बऱ्या आहेत. पण त्यांच्या घरात तान्ह्या बाळाला बारशापर्यंत नवं कापड लावत नाहीत. पणजीच्या, नसेल तर आजीच्या, अंगावरचं जुनं लुगडं फाडून त्याचीच दुपटी, त्याचेच लंगोट. धुऊन धुऊन मऊ झालेलं, बाळाला टोचत नाही, आणि जितकं आयुष्य नेसणारीला तितकं बाळाला. रंगुबाईंच्या मुलांना तिच्या सासूचं लुगडं होतं, नातवंडांना तिचं स्वतःचं. आणि आता पहिल्या पणतीच्या वेळी तिने ट्रंक उघडली, तर आत सगळं गुळगुळीत आणि चमकदार.

"एक चिंधी न्हाई बगा घरात पाणी शोषणारी," ती म्हणाली. "शेजारणीचं आणलं असतं, पर त्ये माझं नव्हं. त्ये बाजारातलं बाळाचं कापड आणलं पोरानं, त्येनं पोरीची मांडी लाल झाली. आमीच केलं ह्ये. पाणी वाचवाया गेलो."

ती दीपालीला दोष देत नव्हती. दीपालीला मात्र तिचं मागचं बोलणं आठवत होतं : ह्ये तेवढं ऱ्हायलं हुतं. तेव्हा ते ऐकून तिला फक्त आनंद झाला होता.

"उद्या सकाळच्या फेरीला आणते," ती म्हणाली.

"आन् लग्न?"

"लग्न त्रिशलाचं आहे. माझ्या साडीशिवाय लागेल."

हे तिने सहज म्हटलं, पण परतीच्या फेरीत तिच्या डोळ्यांसमोर पिस्ता रंग येत राहिला, आणि पद्माताईंचा चेहरा, शेवटी आलीस ना वळणावर, असा.

शुक्रवारी कवठ्याला गाडीला थांबा होता तेवढ्यात ती दवाखान्यात गेली. आकारामकाका म्हणाले होते, "जावा, पर बारशाचं जेवूनच येऊ नका." उत्कर्षा खाटेवर टेकून बसलेली, कुशीत दवाखान्याच्या टॉवेलात गुंडाळलेलं बाळ. चेहरा बघून ते कुणासारखं आहे हे सांगायची वेळ अजून आली नव्हती. दीपालीने पिशवीतून इरकल काढून रंगुबाईंच्या मांडीवर ठेवलं.

रंगुबाईंनी घडी उलगडली आणि ती हसली. "सगळं कशाला? हिला नऊवारी नेसवायचंय व्हय?"

"असू दे. पुढं लागेल."

"आवं, थांबा." म्हातारी कापडावरून तळहात फिरवत गेली, पदरापासून मधल्या भागापर्यंत आणि मग पलीकडे. मध्ये थांबली. "हितं बगा. बसून-उठून मधलंच मऊ हुतंय. टोकं आजून धडधाकट हायत." तिने दाताने काठाला एक चीर दिली आणि दोन्ही हातांनी फाडलं. सूत सरळ रेषेत, आवाज करत फाटत गेलं. दीपालीने डोळे मिटले नाहीत, पण बघितलंही नाही. ती उत्कर्षाकडे बघत राहिली. दुसऱ्या बाजूनेही तसंच फाडून मधला तीन वारांचा तुकडा रंगुबाईंनी नातीच्या पायथ्याशी टाकला. उरलेली दोन टोकं जुळवून दीपालीच्या हातात दिली.

"ह्येला दांड घाला आन् नेसा. सहावारी हुतंय."

दीपालीने दांड हा शब्द ऐकला होता, पाहिला नव्हता.

"आमी काय करत हुतो," रंगुबाईंनी सांगितलं, "लुगडं मधी इरलं, की त्येवढं फाडून टाकायचं आन् दोन बाजू जोडून घ्यायच्या. जोड निऱ्यांत जातोय. कुणाला दिसत न्हाई. तुमी श्यान्या हाय, तुमाला न्हाई का येनार?"

उत्कर्षा तोवर एक चौकोन घेऊन बाळाला गुंडाळत होती. हिरव्यात ते एकदम गोरं दिसायला लागलं. "आज्जी," ती म्हणाली, "काठ गळ्याशी येतोय बघ. नेकलेससारखा."

त्या दुपारी घरी येऊन दीपालीने दोन्ही तुकडे पलंगावर पसरले. भरतेश डोकावला. "मग, पिस्ता?"

"नाही."

"मग हे? दोन रुमाल?"

ती काही बोलायच्या आत चंदनबालाबाई आत आल्या. त्यांनी पलंगावरचं पाहिलं, फाटलेली कड पाहिली. "कुणी फाडलं?"

दीपालीने सांगितलं. रंगुबाई, उत्कर्षा, बाळ, लाल झालेली मांडी. समजूत काढायची नव्हती, त्यामुळे तिने थोडक्यात सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं. मग वाकून कापड पहिल्यांदाच हातात घेतलं, अंगठा आणि तर्जनीत चोळून बघितलं.

"कापूस चांगला हाय," त्या म्हणाल्या. "दांड कोण घालणार? तू?"

"कोपऱ्यावरच्या टेलरकडे देते."

"मशीनवर काठ गोळा होईल. लोंबत राहील एक बाजू." त्यांनी दोन्ही कडा जुळवून पाहिल्या. मग, "सुई आण. आणि चष्मा, टीव्हीवरचा."

मागच्या पडवीत, उन्हात, त्या मांडी घालून बसल्या. शिवता शिवता जे सांगितलं ते दीपाली पंधरा वर्षांत पहिल्यांदा ऐकत होती. लग्नानंतरची काही वर्षं चंदनबालाबाईंनीही दांडाच्या साड्या नेसल्या होत्या. पाहुणे आले की निऱ्या दाट घ्यायच्या, जोड आत दाबायचा आणि पाय जपून टाकायचा. एकदा हळदीकुंकवात उठताना निऱ्या सुटल्या, जोड दिसला, आणि त्या पुढच्या वर्षी त्या घरी हळदीकुंकवाला गेल्याच नाहीत.

"म्हणून हिरवा दोरा घेतलाय. दिसायला नको."

"लाल घेऊ या," दीपाली म्हणाली. "काठासारखा."

चंदनबालाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "दिसेल की."

"दिसू दे."

"साताऱ्यात? सगळ्यांच्या समोर दांड दाखवणार तू?"

"होय. पुढच्या निरीवर घेणार. कमरेपासून पायापर्यंत."

मग सासूबाईंनी घातलेले तेवढे हिरवे टाके उसवायला सुरुवात केली. "दिसणार असेल," त्या पुटपुटल्या, "तर टाका सरळ पडायला हवा. आतला असता तर चाललं असतं कसंही." लाल दोऱ्याने त्या पुन्हा पहिल्यापासून बसल्या. दोनदा उसवलं. भरतेश चहा घेऊन आला तर त्याला उजेडात उभा राहू नको म्हणून हाकललं. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची त्यांची रीत. त्या दिवशी पान वाढलं तरी त्या शेवटचा काठ जुळवूनच उठल्या.

रविवारी साताऱ्याच्या कार्यालयात मगदुमांकडच्या बायका पिस्ता रंगात उभ्या होत्या, आणि त्यांच्यात दीपाली हिरव्या इरकलात. अंगात लाल खणाचं पोलकं, मनगटात चावीचं घड्याळ, आणि पुढच्या निरीवरून खाली उतरणारी बारीक, सरळ लाल रेघ. ती दारातून आत आली तशी ताठ चालत आली. गाडीच्या धक्क्यात पाय रोवून उभं राहायची सवय असलेल्या बाईला मांडवात चालणं अवघड नसतं. फोटोवाल्याने ओळ लावताना तिला हात केला, "मॅडम, तुम्ही जरा कडेला घ्या, कलर मॅच होत नाही." ती म्हणाली, "मग मध्येच बरी," आणि नवरीशेजारी जाऊन उभी राहिली. त्रिशला हसली. तिला मामीचं इरकल आवडलं होतं की नुसतीच गंमत वाटली होती, कुणास ठाऊक.

पद्माताई आल्या. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. नजर रेघेवर थांबली.

"दीपाली, ही साडी जोडलेली आहे का गं?"

"दांड आहे, ताई. आईंनी घातलाय."

"आईने?" पद्माताई वळल्या. पिस्ता साडीत खुर्चीवर बसलेल्या चंदनबालाबाई इकडेच बघत होत्या. दीपालीला वाटलं, आता त्या मान फिरवतील. ते झालं असतं तरी ती निऱ्या आत दाबणार नव्हती, हे तिने घरूनच ठरवलं होतं.

"लांबून काय बघतेस," चंदनबालाबाई लेकीला म्हणाल्या. "जवळ जाऊन टाका बघ. मशीनचा वाटतो का सांग."

पद्माताई वाकल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी वाकल्या. चंदनबालाबाईंनी चष्मा काढून पुसला आणि काहीच घडलं नसल्यासारखा परत लावला. जेवणाच्या पंगतीत मात्र त्या दीपालीशेजारी बसल्या आणि आमटी वाढणाऱ्याला दोनदा सांगितलं की साडीवर सांडू नकोस, हाताने शिवलेली आहे.

उत्कर्षाचा फोटो दीपालीला पंगतीतच आला. बाळाने हिरव्या दुपट्यातून एक मूठ बाहेर काढलेली, काठ गळ्याशी. तिने फोन सासूबाईंपुढे धरला. त्यांनी फोटो मोठा करून घेतला, पण बाळाचा चेहरा बाजूला सरकवून काठच बघत राहिल्या.

अदलाबदल थांबलेली नाही. दीपालीच्या पिशवीत अजून आहेराच्या साड्या असतात, त्यात मध्यंतरी पिस्ता रंगाचीही एक होती, ती गेल्या महिन्यात कुचीच्या एका आजीने हसत हसत नेली. फक्त कुणी पिशवीतून जुनं लुगडं काढलं, की हातात घेण्याआधी दीपाली एक गोष्ट विचारते.

"आजी, घरात अजून एक जुनं आहे का?"

"न्हाई, ह्ये एकच ऱ्हायलंय."

"मग हे ठेवा. मला फक्त बघू द्या."

आणि पुढचा थांबा येईपर्यंत ती ते मांडीवर पसरून, काठावरून बोट फिरवत बघत बसते.